शेवटची बाई

तेव्हा डोंबिवली मानपाड्यापाशी संपायची. पुढे भातखाचरं, मग काटई, मग नेवाळी, आणि नेवाळीवरून आत वळलं की मलंगगडाच्या पायथ्याची माळरानं. बैलगाडीच्या चाकोऱ्या, लाल मुरूम, गुडघाभर कुसळी गवत. रविवारी सकाळी सहाला डोंबिवलीतल्या चार रस्ता चौकात सायकली जमायच्या आणि आठाच्या आत माळावर असायच्या. बहुतेक सायकली काळ्या, जडशीळ. शिवराम भोईरने मात्र नवी, जाड टायरची आणि गिअरची सायकल घेतली होती. चढावर तो उतरत नसे, याचा त्याला फार अभिमान.

उत्तरा ठाकुर्लीला आईबरोबर राहायची आणि प्राथमिक शाळेत शिकवायची. एकतीस वर्षांची, हिशेबी डोक्याची, नवससायासांत न पडणारी. सायकल तिच्या वडिलांची होती. ती सावकाश चालवायची, पण थांबायची नाही. म्हणून शिवरामने तिला कायमचं शेवटचं ठेवलं होतं.

त्याने एक पद्धत बसवली होती. सगळ्यांत पुढे तो, सगळ्यांत मागे उत्तरा. वाट फुटली की शिवराम आपल्या मागच्याला तिथे उभा करायचा. त्याने हात लांब करून वाट दाखवायची आणि शेवटचं माणूस पुढे गेल्याशिवाय जागा सोडायची नाही. उत्तरा पोचली की म्हणायची, "मी शेवटची. पुढे हो." मग तो सुटायचा आणि तिच्या पुढे निघायचा. सहा वर्षांत एकही जण चुकला नव्हता.

"शेपूट आलं का रे?" मंडळातला पंढरी दर वेळी ओरडायचा.

"शेपूट आहे म्हणून जनावर शाबूत आहे," उत्तरा म्हणायची.

एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरात एका रविवारी चौघंच आली. शिवराम, पंढरी, तानाजी आणि ती. पहिल्या फाट्यावर पंढरी उभा राहिला, दुसऱ्यावर तानाजी. तिसऱ्या फाट्यावर शिवरामच्या मागे कुणी उरलंच नाही. तिथे एक म्हातारी गवत कापत होती. शिवराम गावचाच माणूस, त्याला बोलायला संकोच नव्हता.

"आजी, मागून आमची मानसं येतील. त्यांना ही वाट दाखव. शेवटी एक बाई येईल, ती सांगंल तवा तू मोकली."

"येऊ दे," म्हातारी म्हणाली. "ती येस्तवर रेते उभी."

पहिल्या फाट्याच्या पुढच्या उतारावर उत्तराचं चाक चाकोरीत अडकलं आणि ती डाव्या हातावर पडली. मनगट मोडलं. पंढरी तिच्या पुढेच होता, तो धावत आला. वाट बघून कंटाळलेला तानाजीही परत खाली उतरला. दोघांनी तिला दुधाच्या टेम्पोत घालून डोंबिवलीला आणलं. शिवराम वर तासभर थांबला आणि पलीकडच्या उताराने सडकेला लागला. घरी आल्यावर त्याला सगळं कळलं. गवतवाल्या म्हातारीची आठवण कुणालाच झाली नाही.

जानेवारीत मंडळी पुन्हा त्याच वाटेने गेली. उत्तराचा हात गळ्यात होता, ती घरीच राहिली. संध्याकाळी शिवराम तिळगूळ घेऊन आला.

"ती म्हातारी आजही तिथंच होती," तो लाडू चावत म्हणाला. "हात करून उभी. तुला विचारत होती. बोल्ली, शेवटची बाई कुठं हाय?"

"मग?"

"म्हटलं, हात मोडलाय तिचा, येईल. तर बोल्ली, येऊ दे, मी हाय."

उत्तराने बशी खाली ठेवली. "शिवराम, त्या दिवशी आम्ही अर्ध्यातून परत गेलो, ते तिला कुणी सांगितलं?"

शिवरामचं चावणं थांबलं. "बाय, कोण सांगनार? पन ती काय तवापासून उभी असंल का? काय पन बोलतेस."

तसं असणं शक्य नव्हतं, हे उत्तरालाही कळत होतं. तरी एका म्हाताऱ्या बाईला उन्हात उभं करून आपण विसरलो, ही टोचणी जाईना. वर्गात पोरांना रांगेत उभं केलं की तिला ती आठवायची. प्लॅस्टर निघाल्यावर तिने किलोभर साखर आणि चहाची पुडी घेतली. म्हातारीला गाठून माफी मागायची आणि मोकळं व्हायचं, एवढंच तिला हवं होतं.

माळाखालच्या पाड्यावर शिवरामने चौकशी केली. गवत कापणारी म्हातारी म्हणजे मनुबाई, घर पिंपळामागे. दारात तिची सून सखुबाई तांदूळ पाखडत होती.

"सासू? ती गेली," सखुबाई म्हणाली. "कार्तिकातच गेली. गवताला गेलती. दुपार झाली तरी येईना म्हनून बगाया गेलू, तं वाटंवर उभी. घरी चल बोल्लू, तं बोल्ली, एक बाई येवाची हाय, शबुद दिलाय. सांजला उचलून आनली. पहाटंला परत तिकरंच. चार दिस असंच. पाचव्या दिसी तिकरंच पडली."

"मावशी, आमी तर जानेवारीत..." शिवराम म्हणाला.

सखुबाईने सूप बाजूला ठेवलं. "तुमी शिकलेली मानसं. कंची बाई ती, तुमाला ठावं हाय का?"

साखर आणि चहा उंबऱ्याशी ठेवून उत्तरा उठली.

बाहेर आल्यावर शिवराम म्हणाला, "सडकेनं जाऊ."

"नाही. त्या वाटेनं. तू नेहमीसारखा पुढे राहा."

फेब्रुवारीतलं सकाळचं ऊन होतं, स्वच्छ. गवत कापून माळ पिवळा आणि उघडा झाला होता. कुठून तरी बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. तिसऱ्या फाट्याशी शिवरामने मान खाली घातली, पायडल जोरात मारलं आणि डाव्या वाटेला निघून गेला.

उत्तरा उतरली.

म्हातारी उभी होती. गुडघ्यापर्यंत खोचलेलं तपकिरी लुगडं, कमरेला विळा, पायाशी गवताचा भारा. उजवा हात डाव्या वाटेकडे लांब केलेला. तिच्या पायांखालची जमीन सारवलेल्या खळ्यासारखी गुळगुळीत झाली होती.

उत्तराने काय बोलायचं ते रस्ताभर ठरवलं होतं. आजी, चुकलं आमचं. तुम्ही घरी जा. पण जिभेला सहा वर्षांचं वळण होतं.

"मी शेवटची," ती म्हणाली. "पुढे व्हा."

म्हातारीचा हात खाली आला. तिने भारा डोक्यावर घेतला आणि वळून न बघता डाव्या वाटेने चालू लागली. वळणाआड दिसेनाशी झाली. उत्तराला रडू आलं, आणि हलकंही वाटलं.

पुढच्या फाट्यावर म्हातारी उभी होती. हात लांब केलेला.

तेव्हा उत्तराला आपलं बोलणं ऐकू आलं. घरी जा असं ती म्हणालीच नव्हती.

"आजी, घरी जा," ती आता म्हणाली. "सगळे आले."

म्हातारीने हात हलवला नाही. उत्तरा दाखवलेल्या वाटेने पुढे गेली, तेव्हा ती सुटली.

नेवाळीच्या नाक्यावर ती होती. ट्रकवाले तिच्या अंगावरून जात होते. काटईला होती. शिवराम तिथल्या नाक्यावर थांबला होता, म्हातारीपासून हातभर अंतरावर.

"झालं समाधान?" त्याने विचारलं.

"हो," उत्तरा म्हणाली.

मानपाड्याला शिवराम आपल्या घराकडे वळला. चार रस्त्यावर म्हातारी होती, आणि तिने दाखवलेली वाट बरोबर ठाकुर्लीची होती. एकदाही ती चुकली नाही.

ठाकुर्लीत उत्तराच्या घराआधी एक शेवटचा फाटा आहे. डावीकडे तिची इमारत. उजवीकडची वाट खाडीवर जाते आणि चिखलात संपते.

म्हातारीचा हात उजवीकडे होता.

उत्तरा बराच वेळ सायकल धरून उभी राहिली. मग डावीकडे वळली आणि घरी गेली. आईने पिठलं केलं होतं.

याला आता सात वर्षं झाली. सायकल विकली, मंडळ मोडलं, माळावर प्लॉट पडले. उत्तरा रोज पावणेसातला शाळेला निघते आणि त्या फाट्यावर मान वर करत नाही. शेवटचं माणूस दाखवलेल्या वाटेने गेल्याशिवाय जागा सोडायची नाही, ही त्यांचीच पद्धत.

परवा तिची नजर गेली. म्हातारीचा हात आता थरथरतो. कोपराखाली दुसऱ्या हाताचा टेकू देऊन तिने तो तसाच उचलून धरला आहे.