तबकडीचं तोंड

लातूर जिल्हा नवाच झाला होता आणि पाऊस दुसऱ्या वर्षीही फिरकला नव्हता. परदेशातून आलेलं एक पार्सल मुरुडला नीलम्माअक्काकडे पोचवायचं, एवढंच माझं काम. आत तिच्या मुलाच्या, सिद्धरामच्या, वाद्यवृंदरचनांची तबकडी होती. माझा भाचा प्रागला शिकायला गेला, संगीतकार झाला आणि तिथंच वारला. इथं त्याचं संगीत कुणाला ठाऊक नव्हतं; तिथंही फारसं नसावं. तिथल्यांनी त्यांच्या रीतीनं त्याचं दहन केलं. आम्ही लिंगायत, माणसाला मातीत बसवतो. "लेकरू बसलंच न्हाई कुठं," अक्का सारखी म्हणायची.

दुपारी मी सोबत नेलेल्या प्लेअरवर तबकडी लावली. समोर टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेटही भरत होतो. कितीतरी व्हायोलिनं एकदम कण्हली. मध्येच अक्का खोकली. संपल्यावर म्हणाली, "ह्याला बसवू, माणिका."

दुसरी प्रत मिळणार नाही, असं मी सांगून पाहिलं.

"तुझ्याकडं कॅसेट हाय की. मला काय हाय?"

सकाळी शेतात भावजींच्या समाधीशेजारी खड्डा खणला. माती खडकासारखी. विधीला बोलावलेल्या मठाच्या स्वामींनी बेलपत्र वाहिलं आणि तबकडीचं तोंड कोणतं ते विचारलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पदार्थविज्ञानाचा डॉक्टर. जिच्यावर एकचा आकडा होता ती बाजू दाखवली. अक्कानं तीन बोटांनी तिच्यावर विभूतीचे पट्टे ओढले, कोरडेच. भिजवायला पाणी नव्हतं. घराकडे तोंड करून तबकडी उभी बसवली, माती लोटली, वर दगड ठेवला.

घरी येऊन कॅसेट लावली. अक्काचा खोकला स्वच्छ ऐकू आला. संगीत मात्र दबकं, भिंतीपलीकडून आल्यासारखं. मी टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं. मग माझ्या कानांचाच संशय आला.

"त्यानं पाठ केलीय माझ्याकडं..." अक्का हळूच म्हणाली.

तेव्हा मला आठवलं. दुसऱ्या बाजूच्या रचनेचं नाव 'अव्वा' होतं. आईला तो अव्वाच म्हणायचा.

आम्ही दोघंच परत गेलो. दगड जागच्या जागी होता. मी हातांनी माती उकरली. 'अव्वा'ची बाजू घराकडे होती. तिच्यावर तीन पट्टे होते, अक्काच्या बोटांपेक्षा रुंद. मागची बाजू कोरी. मी बोट लावलं. विभूती ओली होती.

"राहू दे," अक्का म्हणाली. "वळला की त्यो."

तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी निवला होता. मी माती परत लोटली.

घरी तिनं पुन्हा कॅसेट लावायला सांगितली. या वेळी व्हायोलिनं अगदी जवळ वाजत होती, कुणीतरी समोर बसल्यासारखी. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग खोकल्याची जागा आली. खोकला ऐकू आला... पण दबका, लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा.

आणि अक्का माझ्या शेजारीच बसली होती, डोळे तसेच मिटलेले.