ऑरिनच्या दोन कोंबड्या

"या गाडीतल्या कॉफीलासुद्धा ओल्या कुत्र्याचा वास येतो," आर्डिस फोल्मर पुटपुटली. स्वतःशीच, पण शेजारी स्टिअरिंगवर बसलेल्या लाइल पेट्रिकला नीट ऐकू जाईल अशा बेताने.

लाइलने न ऐकल्यासारखं केलं. गुराढोरांचा डॉक्टर म्हणून त्याची तीस वर्षं गोठ्यांत गेली होती, वासाबिसाचं त्याला काही वाटत नसे. निवृत्त झाल्यावर तो आर्डिसचा ड्रायव्हर झाला, की मदतनीस, की हक्काचा श्रोता, हे दोघांनीही कधी स्पष्ट केलं नव्हतं. आर्डिस पूर्वी शिकारखात्यात रक्षक होती. आता साउथ डकोटाच्या या पश्चिम भागात कुणाला काही खुपलं आणि शेरीफने हात वर केले, की लोक तिला फोन करत.

आजचा फोन वर्ना हाउगस्टॅडचा होता. पाच दिवसांपूर्वी विधवा झालेली बाई फाटकाशी उभी होती आणि तिने 'या, बसा'सुद्धा म्हटलं नाही.

"शेरीफ म्हणतो, अपघात. तो अपघात होता हे मलाही कळतंय. कुणाच्या हातून झाला, तेवढं कुणी बोलत नाही."

"पहिल्यापासून सांगा," आर्डिस म्हणाली.

शनिवारी शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. चौघं जण नेहमीसारखे आडव्या रांगेत गवतातून उत्तरेकडे चालत निघाले होते. डावीकडून पहिली टेस बोर्डो, गवताळ माळ राखणाऱ्या संस्थेची बाई. मग वर्नाचा नवरा हार्लन. मग हार्लनचा थोरला भाऊ ऑरिन, वय अठ्ठ्याहत्तर. उजवीकडे शेवटी शेजारचा डेल स्कोरुपा. घळीपाशी हार्लन शिकारी कुत्रीला झुडपातून हाकायला दहाएक पावलं पुढे गेला. तेवढ्यात ग्राउज पक्ष्यांचा थवा उठला. या भागात त्यांना सगळे नुसतं कोंबड्या म्हणतात. चहूकडून बार झाले. थवा निघून गेला आणि हार्लन गवतात पालथा पडलेला होता. छर्रे मानेत, मागून.

"छर्रे पोलादाचे निघाले," वर्ना म्हणाली. "बाकी सगळे शिसं वापरतात. पोलाद फक्त ती टेस. शिशाने गरुड मरतात म्हणते. शेरीफने तिचं नवं खोकं मोजलं. पंचवीसातली दोन मी झाडली, म्हणते. पण आणखी पाच गायब आहेत, आणि ती कुठे गेली ते तिला सांगता येत नाही."

"हार्लनच्या डोक्यावर काय होतं?"

"केशरी टोपी. मीच घेतलेली. मैलावरून दिसते."

"मग मुद्दामच मारलं असणार!" लाइल म्हणाला आणि वर्नाचा चेहरा पाहून त्याला जीभ चावावीशी वाटली.

"आज दुपारी दोनला ती कागद घेऊन येतेय," वर्ना म्हणाली. "हे सगळं गवत, दोन हजार एकर, कधीच नांगराखाली जाणार नाही, असं लिहून द्यायचं. दोन सह्या लागतात, माझी आणि ऑरिन भाऊजींची. हार्लनचा जीव होता या माळावर. एप्रिलमध्ये पहाटे माद्यांपुढे कोंबडे नाचायला लागले, की हा माणूस गाडीत थर्मास घेऊन तासन्तास बसायचा. लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा." ती क्षणभर थांबली. "पण जिने त्याला मारलं आणि वर खोटं बोलली, तिच्या हातात मी त्याचं गवत देणार नाही. नाही दिलं तर डेल विकत घेईल. पुढच्या उन्हाळ्यात इथं सूर्यफुलं असतील. कोंबडे काय, रस्त्यावर नाचतील."

आर्डिसने घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

*

स्वयंपाकघरात ऑरिन टेबलाशी बसला होता. पाहुण्यांची चाहूल लागताच तो उठला, कपाटातून कप काढले आणि कॉफी ओतू लागला. कपाच्या काठावर बोट आत वाकवून धरायची त्याची पद्धत होती. भाजेल ना म्हाताऱ्याला, लाइलच्या मनात आलं. पण कॉफी बोटाला लागली न लागली तोच ऑरिन थांबला. एक थेंब सांडला नाही.

"बसा, पास्टर," तो लाइलला म्हणाला.

"मी लाइल पेट्रिक. तुमच्या लाल गाईचं वासरू ओढून काढलं होतं मी."

"अरे हो हो, डॉक्टर! आवाजावरून आता कळलं."

बोलताना तो लाइलच्या कानाच्या जरा पलीकडे बघत होता. लाइलला ते खटकलं. नजर चुकवणारा माणूस त्याला कधीच आवडला नव्हता.

"किती बार झाडलेत, ऑरिनसाहेब?" आर्डिसने विचारलं.

"दोन. दोन बार, दोन कोंबड्या. डेलला विचारा."

"काडतुसं?"

"गाडीच्या फाळक्यावर सगळ्यांची खोकी मांडलेली होती. आपल्यातली पाच उचलली, खिशात टाकली. माझी नि त्या पोरीची बंदूक एकाच मापाची, वीस नंबरची. हार्लन नि डेलच्या बारा नंबरच्या."

"थवा उठला तेव्हा हार्लन कुठे होता?"

"होता की. डाव्या हाताला. कुत्रीला हाका मारत होता." ऑरिनचा हात टेबलावर साखरेचं भांडं शोधत फिरला. "मग हाका थांबल्या."

दाराशी उभ्या वर्नाने पुढे होऊन भांडं त्याच्या हाताशी सरकवलं.

*

डेल स्कोरुपा गोठ्यामागे पाण्याच्या टाकीचा नळ दुरुस्त करत होता. वर्नाच्या टाकीचा.

"काय डेल, आत्तापासूनच आपलं समजून कामाला लागलास?" आर्डिस म्हणाली.

"नळ गळत होता म्हणून आलो. गवत मला हवंय, हे मी कधी लपवलं नाही. पण हार्लनच्या मयतीवर नको होतं."

"शनिवारी किती मारल्यास?"

"एकही नाही. चार बार, चारही फुकट."

"जिल्ह्याच्या नेमबाजीत दोन वर्षं पहिला आलेला तू?"

"हात असतो एखाद्या दिवशी जड." डेल पान्याकडे बघत राहिला. "ऑरिनकाकांनी मात्र दोन्ही साफ पाडल्या. म्हाताऱ्याचा नेम अजून तसाच आहे."

"आणि हार्लनचा? गेल्या हंगामात?"

"तो हरायचा काकांपुढे. आम्ही सगळेच हरतो." डेल उगाच हसला. "दोघांचे बार एकदम वाजले तर पाखरू वडीलधाऱ्याचं. ओरडून सांगायचं, 'काका, तुमचीच!' आमच्यात तसंच आहे."

परत येताना लाइल कुजबुजला, "हा माणूस मला पसंत नाही. गवताचा फायदा त्याला आहे. पोरीचं एखादं काडतूस लांबवलं, घातलं आपल्या बंदुकीत..."

"वीस नंबरचं बारीक काडतूस बारा नंबरच्या रुंद नळीत घातलं तर खाली घसरून नळीत अडकतं, डॉक्टर. बार होत नाही. म्हणून तर वीस नंबरची सगळी काडतुसं पिवळी करतात, कुठल्याही कंपनीची असोत, की चुकून मिसळू नयेत."

"मग पोरगीच."

आर्डिस फाटकाकडे चालू लागली.

*

टेस बोर्डो दीड वाजताच आली होती आणि गाडीतून उतरायला तयार नव्हती. मांडीवर कागदांचा जाड लिफाफा होता.

"मी दोन बार झाडले," ती काच खाली करून म्हणाली. "दोन्ही डावीकडे, एकाच कोंबडीवर. ती पाच काडतुसं मी वापरली नाहीत. वर्नाबाई माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्या कागदावर सही झाली नाही तर झाली नाही, पण त्यांनी असं समजू नये."

"मग कुणी वापरली?"

टेसने ओठ आवळले. "मला माहीत नाही."

"अंदाज?"

"मी इथं चार वर्षं येते, आर्डिसबाई. काही गोष्टींबद्दल इथं अंदाज करत नाहीत."

*

मागच्या थंड पडवीत तीन कोंबड्या टांगलेल्या होत्या. शनिवारपासून कुणी त्यांना हात लावला नव्हता. दोघींच्या पायाला ऑरिनच्या नावाची चिठ्ठी, एकीला टेसच्या.

"डॉक्टर, छर्रे काढून द्या. प्रत्येकीचे वेगळे ठेवा."

लाइलने खिशातला चाकू काढला. वासरं ओढणारे हात या कामाला जरा जाडच होते, पण पाचेक मिनिटांत तीन बशांत छर्रे पडले. तोवर आर्डिस फ्रीजच्या दारावरचं गाईच्या आकाराचं लोहचुंबक घेऊन आली होती.

टेसच्या बशीतले छर्रे टपकन गाईच्या पोटाला चिकटले.

ऑरिनच्या दोन्ही बशांवर गाय फिरली, पुन्हा फिरली. एकही छर्रा हलला नाही.

"शिसं!" लाइलने सुस्कारा सोडला. "म्हणजे म्हातारा सुटला. त्याने शिसंच झाडलं. पोलाद फक्त पोरीकडे."

"शस्त्रक्रिया उत्तम, डॉक्टर. निदान चुकलं."

दाराशेजारी खुंटीला ऑरिनचं शिकारीचं जाकीट होतं, नावाची पट्टी शिवलेलं. आर्डिसने उजव्या खिशात हात घातला आणि मुठीतलं खिडकीच्या कठड्यावर मांडलं. तीन भरलेली काडतुसं, दोन झडलेली. पाचही पिवळी.

"सगळी सारखीच दिसतात," लाइल म्हणाला.

"हो ना." काडतुसावरची बारीक अक्षरं वाचायला तिला चष्मा नाकावर चढवावा लागला. वाचून झाल्यावर तिने तो काढला आणि बराच वेळ नुसता पुसत राहिली. लाइल तिला वीस वर्षं ओळखत होता. कोडं सुटलं की ती खूश व्हायची. आज झाली नाही.

"शेरीफने हे जाकीट का नाही बघितलं?" त्याने विचारलं.

"कारण दोन बार, दोन कोंबड्या. हिशेब पुरा होता. शिवाय म्हाताऱ्या माणसाचे खिसे चाचपायला लाज वाटते. इथं सगळ्यांनाच लाज वाटतेय, डॉक्टर. तेच तर झालंय."

*

दोन वाजता पाचही जणांना टेबलाशी बसवून आर्डिस उभी राहिली. मध्ये कागद, कागदावर पेन.

"टेसचं पहिलं सांगते. तिच्या खोक्यातली पाच काडतुसं हरवली होती. ती सापडली. तीन भरलेली, दोन झडलेली. टेसच्या जाकिटात नाही, दुसऱ्याच. तिने दोनच बार केले."

वर्नाने पहिल्यांदा टेसकडे पाहिलं.

"कुणाच्या जाकिटात?" तिने विचारलं. पण उत्तर ऐकायची घाई तिच्या आवाजात नव्हती.

"फाळक्यावर दोन खोकी होती, दोन्ही पिवळ्या काडतुसांची. एक शिशाचं, एक पोलादाचं. फरक फक्त छापील अक्षरांत. ज्याला अक्षरं वाचता येतात त्याची चूक होत नाही. एकाची झाली. त्याने पोलाद घेतलं, दोनदा झाडलं. त्याच्या नावावर दोन कोंबड्या आहेत. पण त्या कोंबड्यांत शिसं आहे."

"पुरे, आर्डिस," डेल म्हणाला.

"कोंबड्या त्याने मारल्या नाहीत. शिसं हार्लनकडे होतं आणि तुझ्याकडे, डेल. हार्लन घळीत होता. तू शेजारी. चार बार केलेस आणि जिल्ह्यात पहिला येणारा तू म्हणतोस, सगळे फुकट. फुकट नव्हते. दोन कोंबड्या पाडल्यास आणि ओरडलास, 'काका, तुमचीच!' गेले काही हंगाम तू नाहीतर हार्लन, आळीपाळीने हेच करत आलात."

"पुरे म्हणतोय ना!" डेल उठून उभा राहिला. "काय वाईट केलं आम्ही? साठ हंगाम चाललाय तो माणूस या गवतात. त्याला सांगायचं, घरी बस?"

"पण मग त्याचे दोन बार गेले कुठे?" लाइल न राहवून म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याला कपात वाकवलेलं बोट आठवलं. कानापलीकडे बघणारी नजर. 'पास्टर.' त्याने बशीतला चमचा उचलला आणि उगाच परत ठेवला.

आर्डिस हळू आवाजात म्हणाली, "पोलाद दोघांच्या नळ्यांत होतं. टेसला केशरी टोपी दिसत होती, म्हणून ती डावीकडे वळून झाडत होती. दुसऱ्याला नुसती पंखांची फडफड ऐकू आली. डेल, तू त्याच्या उजव्या हाताला होतास. नळी किती खाली होती?"

डेल खाली बसला. त्याचे मोठे हात टेबलावर तसेच पडून राहिले.

"कंबरेएवढी," तो म्हणाला. "मी ओरडेपर्यंत... मी कोंबडीकडे बघत होतो. त्याच्यासाठी पाडायची होती ना."

"आणि पाच दिवस टेसच्या नावाने लोक बोलत होते, ते ऐकत बसलास."

"गवतासाठी नाही. आईशपथ, गवतासाठी नाही." मग जरा वेळाने, "मला तरी वाटतं, नाही."

वर्ना रडत नव्हती. "टेस," ती म्हणाली, "मला वाटतं मला माहीत होतं. भाऊजींची पत्रं मीच वाचून दाखवते. तुझ्यावर ढकललं की मला त्या विचाराकडे जावं लागत नव्हतं. मला माफ कर, पोरी."

टेसने फक्त मान हलवली. तिचे डोळे भरले होते.

इतका वेळ ऑरिन हलला नव्हता. बाहेर गवतातून वारा गेला, तो सगळ्यांनी ऐकला.

वर्नाने कागद ओढला, आपली सही केली आणि कागद फिरवून दिराच्या पुढे ठेवला. पेन त्याच्या हातात दिलं.

पेन कागदावर आलं आणि थांबलं. जरा डावीकडे गेलं. परत आलं. टोक रेघेच्या चार बोटं वर, कोऱ्या जागेत टेकलं. सवयीने डेलचा हात म्हाताऱ्याच्या मनगटाकडे गेला.

वर्नाने तो अडवला.

"नको," ती म्हणाली. "आता नको."

डेलने हात मागे घेतला. कुणी काही सुचवलं नाही, कुणी काही सरकवलं नाही. लाइलला वाटलं, आपणच उठावं आणि बोट ठेवून द्यावं. आर्डिसने टेबलाखाली त्याचा पाय दाबला.

ऑरिनने पेन खाली ठेवलं. दोन्ही तळहात कागदावर पसरले, जणू त्याच्या कडा कुठे आहेत ते चाचपत होता. आणि मग, ज्या दिशेला वर्नाचा श्वास ऐकू येत होता, तिकडे त्याने तोंड वळवलं.

"कुठं करायची ते दाखव, वर्ना," तो म्हणाला. "मला दिसत नाही."