आठ कुणी काढला?

"बाई, 8! शेवटी 8 आहे!" एक पोरगा ओरडला.

शाळेतल्या गणिताच्या खोलीत, भिंतीवर हातभर उंच आकडे होते: 100160068. खाली अक्षरं, 'आपल्या सरांची मूळ संख्या'.

सर जाऊन महिनाही झाला नव्हता. तासाभरात त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम होता. आणि शेवटी 8? दोनने भाग जातो, हे पाचवीतलं पोरही सांगेल! मूळ संख्येला एक आणि ती स्वतः, बाकी कुणीच भागत नाही.

"पेंटर, शाळेचं काम तुम्हाला पुन्हा मिळणार नाही," मुख्याध्यापिका कडाडल्या.

"मी 3च काढला होता हो! मी सरांचाच विद्यार्थी. त्यांच्या आकड्यात गडबड करेन?"

सरांची धाकटी मुलगी, दहावीतली, भिंतीला नाक लावून उभी होती. तिने 8 वर बोट फिरवलं. उजवी बाजू खडखडीत. डावी चिकट.

"बाई, कुणीतरी तिनाची तोंडं नंतर बंद केलीत."

"मग सकाळी शेवटचा हात मारायला कोण आलं होतं? हेच ना?" मुख्याध्यापिकांनी पेंटरकडे बोट दाखवलं.

"काका, परत 3 होईल?"

"आत्ता करतो की!"

"राहू दे," दादा म्हणाला. तिचा मोठा भाऊ. सकाळपासून मुकाट्याने खुर्च्या मांडत होता. "पेंटरची चूक, लोक समजून घेतील."

धाकटीने त्याला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं.

"दादा, तूच ना?"

"काहीही काय, चिंगे!"

"बाबांची बदनामी करायची, तर इतकी ढोबळ चूक कोण करेल? 8 बघून सगळे पेंटरलाच हसणार. म्हणजे कुणीतरी बाबांना वाचवत होतं. आणि 3 नको म्हणणारा एकटा तू. त्या तिनात काय वाईट होतं?"

दादा भिंतीला टेकून खालीच बसला.

"ती मूळ नाहीये गं. बाबा वर्षभर हाताने भागाकार करत होते. संख्या दहा कोटींची, वर्गमूळ दहा हजार, म्हणून तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावल्या. शेवटची 9973. भाग गेला नाही. थांबले."

"पण ही दहा कोटींहून जरा मोठी आहे."

"वर्गमूळही जरा मोठं. पुढची मूळ संख्या 10007. तिने भाग जातो. बरोब्बर 10009 वेळा. एकच राहिली होती, चिंगे. एकच!"

"बाबांना..?"

"दवाखान्यात म्हणाले, कॉम्प्युटरवर बघ रे जरा. बघितलं. आणि सांगितलं, मूळच आहे, बाबा. किती हसले होते!"

धाकटीने डोळे पुसले. मग आत जाऊन बाई आणि पेंटर, दोघांनाही सगळं सांगितलं.

पेंटरने खोलीचं दार लोटून घेतलं. "बाहेर कुणाला माहितीये?"

"नाही."

"मग 8 मीच काढला. ढकला माझ्यावर."

"बाबांना चाललं असतं, काका?"

त्याने नकारार्थी मान हलवली. दादाच्या हातात ब्रश दिला आणि फडकं घेऊन स्वतः एकच शब्द पुसला. डोळे भरल्यामुळे दादाला 3 काही नीट जमेना.

लोक आत आले तेव्हा खाली एवढंच उरलं होतं: 'आपल्या सरांची संख्या'.