पासष्ट किलोचा पाहुणा

“वजन किती तुमचं?” मी विचारलं.

“पहिल्याच भेटीत?” चष्म्याआडून डोळे मिचकावत तो म्हणाला.

“बोटीसाठी विचारतेय. एकट्याने बसलात तर ती कलते. शेजारच्या सीटवर तुमच्याएवढी वाळूची पोती ठेवावी लागतात.”

“म्हणजे माझी जोडीदारीण वाळूची?”

“दिसायला बरी आहे. बोलत मात्र नाही.”

“पासष्ट,” तो पोट आत ओढून म्हणाला.

ऐंशीच्या खाली तो नव्हताच! पण गिऱ्हाईक सांगेल ते मानायचं, असं बोटींच्या मालकांनी – सगळ्यांच्या काकांनी – बजावलेलं, आणि मी हंगामापुरती लागलेली, तीही नुकतीच. मी पोती ठेवली, दोरी सोडली… आणि पॅडलची ती बोट तळ्याच्या मधोमध जाऊन गोल गोल फिरायला लागली. काठावरून टाळ्या पडू लागल्या. शेवटी मीच दुसरी बोट वल्हवत गेले.

“सुकाणू बिघडलंय,” तो म्हणाला.

“सुकाणू ठीक आहे. खरं सांगा.”

“…त्र्याऐंशी. पण वहिनीला कळू देऊ नका हं. तिनेच व्यायामाला धाडलंय.”

मी इतकी हसले, की माझंच वल्हं पाण्यात पडलं.

चष्म्यांच्या दुकानात तो भिंगं बसवायचा. पुढच्या सुट्टीला तो परत आला. त्याच्या पुढच्याही. खरं वजन सांगून, नीट सरळ रेषेत बोट चालवून यायचा, आणि मग माझं काम संपेपर्यंत बाकावर बसून राहायचा. संध्याकाळी आम्ही शहर पालथं घालायचो. बागेतला बँड ऐकायचा, चाकांच्या बुटांवर धडपडायचं, संग्रहालयात जाऊन दगडी राजांची नाकं मोजायची. एकदा पाऊस आला आणि दोघं एका छत्रीत आलो. त्याच्या चष्म्यावर थेंब साचले होते. मी ओढणीने पुसले, तर म्हणाला, “आता जास्तच धूसर दिसतंय… राहू दे. छान दिसतंय.”

त्या रात्री देवापुढे बसले, तर स्तोत्राची एकच ओळ तीनदा म्हटली.

कारण एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. जन्मले तेव्हा घरच्यांनी मला मुलगा म्हटलं, मुलगा म्हणूनच वाढवलं. मी मुलगी आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि मावशीला बहुधा माझ्याही आधीपासून. तिच्याकडे राहायला आले, तेव्हा तिने एक अक्षर न विचारता स्वतःचे दोन ड्रेस उसवले आणि माझ्या मापाचे करून दिले. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या सुरू होत्या, ऑपरेशनसाठी नंबर लावला होता. नंबर येईपर्यंत हे तळ्यावरचं काम. काकांनाही पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, “मला गाठ पक्की मारणारं माणूस पाहिजे. बाकी हे नारिंगी जॅकेट चढवलं की सगळेच भोपळे.”

काकांना सांगणं सोपं होतं. काका आवडत नव्हते ना – म्हणजे, तसे!

हंगाम संपत आला आणि दवाखान्यातून फोन आला. माझा नंबर लागला होता. पुढच्याच आठवड्यात! आनंदाने मावशीला मिठी मारली आणि तिच्याच खांद्यावर रडले.

“सांगून टाक गं बाई त्याला,” ती म्हणाली. “नाही म्हणाला तर निदान तुझी सुट्टी तरी मोकळी होईल.”

“मावशी!”

“मग काय? न सांगता गायब होणार आहेस?”

शेवटच्या दिवशी बोटी काठावर ओढून पालथ्या घालायच्या असतात. तो आला. मी हातातली दोरी न सोडता सांगितलं – सगळं, एका दमात. पुढच्या आठवड्यातलं ऑपरेशनही.

त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. परत काढला.

“मी… जरा तळ्याला एक फेरी मारून येतो,” तो म्हणाला, आणि निघालाच.

मी बोटी पुसत राहिले. पलीकडच्या काठाला बाहेर जायचं फाटक आहे. तो तिथे पोचला. थांबला. माझा हातही थांबला. देवा, मी मनात म्हटलं, तुझी इच्छा… पण जरा माझीही बघ.

“गेला का गं?” काकांनी विचारलं.

“नाही. उभा आहे.”

फार वेळ उभा होता. मग चालायला लागला… फाटकातून नाही, काठाकाठाने. आला तेव्हा बूट चिखलाने भरले होते आणि धाप लागली होती.

“खोटं नाही बोलत,” तो म्हणाला. “फाटकापाशी वाटलं, जावं घरी. घाबरलो होतो. मग विचार केला, दर सुट्टीला मी इथे येतो कशाला? बोटीसाठी?”

“मग?”

“बोट मला सोसतच नाही गं. पोटात ढवळतं. दर वेळी उतरल्यावर बाकावर बसतो ना, ते त्यासाठीच… आणि तुझ्यासाठी. आजही तू मला तीच दिसतेस. मला यातलं काही कळत नाही, चुकलो तर सांगत जा. भेटायची वेळ काय असते तिथे?”

“पाच ते सात.” मी फडकं पिळत म्हटलं. “पण फक्त नातेवाइकांना सोडतात. दारावर विचारतात, पेशंटचे कोण म्हणून. काय सांगशील?”

त्याचे कान लाल झाले.

“धर आधी ही बोट,” मी म्हटलं. “एकटीला पालथी घालता येत नाही.”

त्याने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून उचलली, अर्धी फिरवली, आणि तेवढ्यात तो तिच्यावरून वाकून हळूच म्हणाला, “होणारा नवरा… असं सांगू?”

माझ्या हातून बोट सुटली. चिखलात धपकन आदळली. काका ओरडत होते, तो स्वतःचा पाय धरून नाचत होता, आणि मी चिखलाच्या हातांनी तोंड झाकून “सांग, सांग” म्हणत होते.