कपाटाचं दार उघडं ठेवा

जिन्यावर आम्ही जवळजवळ आदळलोच. माझ्या हातात मुळा, आणि त्यांच्या हातात भलामोठा स्पीकर. वरून नुसता चष्मा दिसत होता.

"माफ करा... शेजारच्या उराबे-सान ना तुम्ही?"

"हो. हा कुठे निघाला?"

"विकायला." हायासाका-सान कसनुसं हसले. "कुणीतरी टपालपेटीत चिठ्ठी टाकली. नाव नाही. पण बरोबरच आहे म्हणा, आपल्या भिंती पातळ, आणि हा रेड्यासारखा हंबरतो. दुकानात पाचपर्यंत येतो म्हणून सांगितलंय."

ती चिठ्ठी माझी होती.

सेंदाईत काय, जपानात कुठेच आम्ही शेजाऱ्याच्या तोंडावर तक्रार करत नाही. चिठ्ठी लिहितो, गोड गोड. मीही लिहिली, वैतागून. त्यांच्या स्पीकरच्या खर्जाने माझा कप बशीत नाचायचा हो. पण त्या गदारोळामागे एक बाई गायची, लांबून... आणि ती गायला लागली की माझा भात निवून जायचा. चिठ्ठीनंतर चार दिवस भिंत मुकी होती. मला अन्न गोड लागेना.

"थांबा," मी म्हटलं. "माझ्या आजोबांचं रेकॉर्ड ऐकवायचं कॉफीचं दुकान होतं, एवढंसं. मला एकदा बघू द्या. मग खुशाल विका."

"आत्ता? आणि मुळा?"

"मुळा थांबेल."

जेमतेम सहा चटया मावतील एवढी त्यांची खोली. दुसरा स्पीकर कोपऱ्यात, माझ्या भिंतीला पाठ लावून.

"कोपऱ्यात का कोंबलेत?"

"जागा वाचते."

"आणि खर्ज फुगतो. पुढे ओढा. अजून... अजून हातभर."

"अजून ओढलं तर मी गच्चीत झोपेन."

कुंड्यांखालच्या विटा आणून आम्ही स्पीकरखाली ठेवल्या. शेवटची वीट ठेवताना त्यांची बोटं माझ्या बोटांवर आली, आणि दोघांनीही उगाच वीट सारखी केली. घड्याळात साडेचार. त्यांनी रेकॉर्ड लावली... गुरगुर होतीच.

"राहू द्या," ते हळूच म्हणाले. "तुम्ही एवढं केलंत..."

माझा जीव टांगणीला लागला. काय राहिलं? काय विसरले मी?

"तुमची गादी कुठे आहे?"

ते कानापर्यंत लाल झाले. "क... कपाटात. का?"

"दार उघडा."

"पाहुण्यासमोर? आत पसारा आहे."

आमची सगळ्यांचीच ही खोड. सकाळी गादी घडी करून कपाटात, दार बंद, खोली चकाचक. खर्ज पिणारी एकच जाड वस्तू घरात, आणि ती दाराआड. मीच दार सरकवलं. गादी, रजई, दोन मोजे.

गुरगुर बसली. दोन स्पीकरच्या मधोमध ती बाई येऊन उभी राहिली. तिने श्वास घेतला तोही ऐकू आला. हायासाका-सान चष्मा काढून नुसते पुसत बसले, आणि मला राहवेना.

"ती चिठ्ठी... माझी होती."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुमच्या खोलीत जाऊन बघता? ऐकू येतं का."

घालवूनच दिलं की मला. मी गेले. भिंतीला कान लावला. काही नाही. जराही नाही. काम फत्ते झालं होतं, आणि मी मुळा कुशीत धरून रडत होते. आता संध्याकाळी भिंतीतून काहीच यायचं नाही. पाचला पाच मिनिटं होती. ते स्पीकर उचलत असतील, की बसून ऐकत असतील, एकटेच?

मी तशीच परत गेले. दार उघडंच होतं. ते फोनवर दुकानदाराची माफी मागत होते, वाकून वाकून. मधल्या नेमक्या जागेवर एक आसन मांडलं होतं, आणि दुसरं कडेला, कपाटाजवळ, जिथे नीट ऐकू येत नाही.

त्यांनी फोन ठेवला. "आलं ऐकू?"

"नाही."

"काहीच?"

"काहीच नाही. म्हणून तर परत आले."

ते कडेच्या आसनावर बसले, आणि मधलं मला हाताने दाखवलं.