धुमाळगडावरचे निशाण

धुमाळगडामागे तांबडे फुटत होते, आणि ज्या बुरुजावर एके काळी तोफा धडाडल्या त्यावर जुन्या किल्लेदारांचे वंशज दादासाहेब रणनवरे भगवे निशाण चढवीत होते. कारण महायुद्धासाठी खालच्या माळावर सराव करणाऱ्या बाँबफेकी विमानांच्या तुकडीत त्यांचा एकुलता एक मुलगा उदाजी वैमानिक होता, आणि "गडावरून जाताना एकदा निशाणाकडे बघ" असे त्यांनी त्याला बजावले होते.

त्या सकाळी पुढच्या विमानात तुकडीप्रमुख इनामदारसाहेब होते. त्यांच्याकडे पाठ करून, शेपटाकडे तोंड केलेला, मागची बंदूक सांभाळणारा गोलंदाज दौलत काकडे बसला होता. मागून, पंखाला पंख लावून, उदाजी आपल्या विमानात एकटाच येत होता. सरावात बिनतारी यंत्र बंद असे. पुढच्याने हाताने खूण करावी, मगच वळावे, आणि मागच्याने त्याच्यावरची नजर क्षणभरही काढू नये, हा तिथला दंडक. गड जवळ आला आणि इनामदार एकाएकी उदाजीच्या अंगावर वळले. उतावळेपणा त्यांचा जुनाच! पंखावर पंख आदळला. इनामदारांचे विमान लंगडत माळावर उतरले. उदाजीचे बुरुजाखाली कोसळले.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी इनामदारांनी दौलतला बोलावले.

"काकडे, खूण मी केली होती. उदाजीराव गडाकडे बघत राहिले. आपली साक्ष तशीच व्हावी. वैमानिकाच्या शिक्षणासाठी आपलं नाव मीच धाडणार आहे."

 याच एका आशेवर दौलत फौजेत आला होता. आणि इनामदारांचे म्हणणे साऱ्यांना पटलेही होते. खुद्द दादासाहेबांनी निशाण उतरवून "मीच माझ्या पोराला खाल्लं" म्हणत अन्न सोडले होते. मेलेल्याच्या माथी दोष मारणे किती सोपे! पण डोळे मिटले की दौलतला समोरच्या काचेआडचा उदाजी दिसे.

"खूण झाली होती?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले.

"हुजूर, साहेबांकडे माझी पाठ होती. त्यांचा हात मला दिसला नाही. पण उदाजीरावांचं तोंड माझ्यासमोर होतं. त्यांची नजर आमच्यावरच खिळली होती. खूण झाली असती, तर ते वळले असते."

"गडाकडे पाहिलं नाही त्यांनी?"

"आम्ही आदळलो, तेव्हाही ते आमच्याकडेच बघत होते."

इनामदारांच्या हातून तुकडी गेली. दौलतचे शिक्षणही गेले. पंगतीत त्याच्या शेजारी कुणी बसेना, आणि लवकरच दूरच्या कोठारावर त्याची बदली झाली. निघण्यापूर्वी तो गड चढून गेला. दादासाहेब घडी केलेले निशाण मांडीवर घेऊन बसले होते. त्याने मुजरा केला.

"खरं सांगा, काकडे. एकदाही पाहिलं नाही त्यानं?"

"एकदाही नाही, दादासाहेब. दंडक मोडला नाही त्यांनी."

म्हाताऱ्याने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. मग त्यांचा हात निशाणावरून सावकाश फिरला आणि थांबला.

"म्हणजे त्याला हे दिसलंच नाही."