क्रिअनलारिकला गाडी दोन होते

चहाचा कप घेऊन इश्बेल स्कॉटलंडमधल्या क्रिअनलारिक स्टेशनच्या फलाटावर आली आणि किंचाळलीच. दोन डब्यांच्या मधे, रुळांत, एक माणूस उभा होता आणि पुढचे डबे घेऊन इंजिन चक्क मागे, त्याच्याकडे येत होतं!

"अहो, थांबवा! चिरडेल तो!"

"ओरडू नका, ड्रायव्हर दचकेल," तो माणूसच खालून म्हणाला. त्याने हात वर केला आणि जवळ बोलावल्यासारखी बोटं हळूहळू हलवली. डब्यांच्या टोकांचे बफर एकमेकांवर दबले. ताणलेली जाड साखळी सैल पडली. त्याने ती आकड्यावरून अलगद उचलली.

"पण डबे वेगळे करायचे तर जवळ कशाला आणता?"

"ताणलेली साखळी दहा जणांना निघत नाही. जवळ आली की एकटा काढतो."

पुढचे डबे ओबनला गेले. मागचे, तिच्या गावी मॅलेगला जाणारे, दुसऱ्या इंजिनची वाट बघत उभे राहिले. एवढी मोठी गाडी, आणि बोटांच्या खुणेवर इतकी हळुवार... इश्बेलचा चहा तसाच गार झाला.

त्याचं नाव लाकलन. दर शनिवारी ग्लासगोहून घरी जाताना ती तिथे उतरू लागली.

"आजही चहा गार?"

"काम बघू की चहा पिऊ?"

"काम बघता, की कामगार?"

ती लाल व्हायची. पण वर्षभर तो त्यापुढे काही बोललाच नाही.

एका शनिवारी ती ट्रंक घेऊन आली. "दुकानातली नोकरी सोडली. आता आईजवळच राहणार. यापुढे या गाडीने... येणं नाही."

लाकलन चार हात लांब, टोपी पिळत उभा. "बरं... सांभाळून जा."

नवं इंजिन जोडून झालं. इश्बेल डब्याच्या दारात उभी राहिली. भुरभुर पावसात तिने हात वर केला आणि बोटं हळूहळू हलवली. त्याचीच खूण.

रोज इंजिनं हलवणारा तो माणूस चालू लागला. एक पाऊल... मग दुसरं... तो थेट पायरीशी आला.

"जाऊ नकोस, इश्बेल."

"एवढंच म्हणायला वर्ष लागलं होय रे?"

शिट्टी झाली. ती खाली उतरली.

गाडी वेळेवर गेली. गार्डने नंतर सांगितलं — मॅलेगच्या फलाटावर आईच्या हाती नुसती ट्रंक आली. तिने ट्रंकेकडे बघितलं, रिकाम्या दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "बोलला वाटतं एकदाचा!"